घराण्याचं पान

मराठी शिकायला जपानहून आलेली युको नाशिकला वत्सलाबाईंकडे राहत होती. दर रविवारी दोघी फिरायला जायच्या आणि वाटेतली प्रत्येक पाटी युको मोठ्यानं वाचायची. बाईंना स्वतःला अक्षरओळख नव्हती. भेटेल त्याला त्या सांगायच्या, "परमुलखातली पोर हे, पण एक अक्षर चुकायची नाय."

त्या रविवारी त्या त्र्यंबकेश्वरला गेल्या. पस्तीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला मुलगा लखन परत यावा म्हणून बाईंना अभिषेक करायचा होता. तरुण गुरुजींनी त्यांच्या घराण्याची जुनी वही काढून समोर ठेवली.

"वाच गं, आमचं कोण कोण येऊन गेलं ते," बाई कौतुकानं म्हणाल्या.

युको पणजोबांपासून एकेक नोंद वाचत आली. शेवटची बाईंच्या नवऱ्यानं, वारलेल्या सावळीरामनं, स्वतःच्या हातानं लिहिली होती. तीही ती त्याच सुरात वाचून गेली. "मयत मुलगा लखन याच्या नारायण नागबळीसाठी आलो. सन एकोणीसशे त्र्याण्णव."

वाचून झाल्यावर मग ती थबकली.

बाईंनी हात पुढे करून वही मिटली.

"तुला अजून नीट वाचता येत नाय, पोरी."

"हो मावशी," युको म्हणाली. "चुकलं माझं."