वेग जुळला

बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. मुलांसाठी खुणांच्या भाषेचा सचित्र शब्दकोश ती गेली काही वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर तयार करत होती. "हा उघडेपर्यंत माझा चहा निवतो बाई," असं ती एकदा सहज बोलून गेली, आणि नवऱ्याने ते फारच मनाला लावून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच कंबर कसून बसला. मेमरीचा वेग वाढवला, तर तिच्यातली माहिती वाहून नेणारी बस मागे पडायची. बसचा वाढवला, तर मेमरीची दमछाक व्हायची. दर वेळी कॉम्प्युटर मान टाकायचा. पुन्हा सुरू करताना पडद्यावर खराब झालेल्या फायलींबद्दल कसली कसली सूचना यायची. ती न वाचताच 'हो' दाबून हा पुढे जायचा.

"अहो, चालतंय तसं चालू दे ना," ती आतून म्हणाली.

"तू गप्प बघत राहा!"

दुपार कलताना दोन्ही वेग एकदाचे जुळले. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळू लागला. त्याने बायकोला हाताला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. तिने क्लिक केलं मात्र, शब्दकोशाचं फोल्डर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं.

"बघितलंस? आता बोल!"

तिने फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं.



"रिकामं उघडायला कितीसा वेळ लागणार?"