दुसरं कुलूप

गल्लीतल्या दोन मोटरसायकली चोरीला गेल्या, तेव्हा न्हाव्यानं मुलाची गाडी जिन्याखालच्या खांबाला साखळीनं बांधली आणि कुलूप लावलं. मुलगा तापानं जाऊन चार महिने झाले होते. डोळ्यांत तेल घालून जपावी अशी त्याची तेवढीच एक वस्तू उरली होती.

सकाळी साखळीला दोन कुलपं होती.

दुसरं पितळेचं होतं, जुनं. त्याची किल्ली घरात कुठंच सापडेना. शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. "चोर कुलूप तोडतो काका, लावत नाही," किल्लीवाला हसला आणि त्यानं ते कापून काढलं. दुसऱ्या दिवशी तसलंच कुलूप पुन्हा लटकत होतं. तिसऱ्या दिवशीही. बायकोला विचारलं, तर ती मुलाच्या शर्टांच्या घड्या घालत राहिली.

न्हाव्याचा धीर सुटला. गाडी जावयाला देऊन टाकायची ठरली.

रविवारी भर दुपारी जावई आला. कुलूप कापलं, साखळी सुटली. न्हाव्यानं सीटवरून एकदा हात फिरवला.

"न्या, जावईबापू," तो कसाबसा म्हणाला. "इथं उभी राहून नुसता जीव जाळते."

जावयानं गाडी स्टँडवरून काढली.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून बायकोनं हाक मारली. चार महिन्यांत तिचा आवाज इतका मोकळा कधी लागला नव्हता.

"अहो, गाडी नेऊ देऊ नका! जरा थांबा, तो बूट घालतोय."