एखादी तरी चूक

वाचकांच्या ग्रुपवर कथालेखकाशी रोज वाद घालणारा एकच होता, निवृत्त औषधविक्रेता. सगळे त्याला ‘खवट’ म्हणत. लेखक बेशुद्ध असल्याचं कळलं, तेव्हा खवट पहिल्यांदाच कौतुकाचे चार शब्द टाइप करायला बसला. तेवढ्यात लेखकाच्या बायकोचा फोन आला.

“भाऊजी, कौतुक नको. झोडपून काढा! मागे तुम्ही गोष्टीला पोरकट म्हणालात, तर हे तापात उठून बसले होते उत्तर द्यायला. स्पीकर लावून फोन यांच्या कानाशी धरलाय.”

खवट खाकरला. “काय लेखकराव? तुमची नायिका पुठ्ठ्याची. तत्त्वज्ञान उसनं. मरणातलं तुम्हाला काय कळतं?”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

“हलले का?”

“नाही. बोला ना अजून!”

शेवट फसलाय, म्हणाला. भाषा शिळी आहे, म्हणाला. मग चष्मा पुसायला थांबला.

“थांबू नका, भाऊजी, पाया पडते. एखादी तरी चूक काढा!”

फोन स्पीकरवर टाकून खवट ग्रुपवर मागे मागे जात लेखकाच्या गोष्टी उघडू लागला. एक, मग दुसरी, मग तिसरी. डोळे पुसून पुसून वाचत राहिला, पण त्याला एकही चूक सापडेना.