पहिली प्लेट

"नाव सांग सुरेश, तुहा राजीनामा आत्ताच फाडतो," भैय्याजी म्हणाले आणि त्यांनी मोबाइल पुन्हा त्याच्या तोंडासमोर धरला.

सकाळपासून अख्खं पांढुर्णा तो व्हिडिओ पाहत होतं. सुरेशच्याच घरची बैठक. सुरेश मांडी ठोकून ऐटीत सांगतोय, "पेटीत खाली साड्या, वरून संत्री. नदीकाठच्या वॉर्डात दोनशे पेट्या पोचल्या बी." कुणीतरी खिशातल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं. भैय्याजींच्या निवडणुका वीस वर्षं सांभाळणारा हा पक्का माणूस, आणि स्वतःच्या घरात पोपटासारखा बोलून बसला होता.

त्या दिवशी बैठकीत सात जण होते. सगळे आपलेच.

"मले खरंच नाही माहीत, भैय्याजी."

व्हिडिओ परत सुरू झाला. या वेळी सुरेश स्वतःचं तोंड पाहत नव्हता. शेवटी शेवटी आतून पुष्पा येते, हातात पोह्यांचा ट्रे. नवऱ्याला ओलांडून, बाकीच्यांना ओलांडून, पदर सावरत ती पहिली प्लेट सरळ कॅमेऱ्यापुढे धरते.

बैठकीत साक्षात मुख्यमंत्री बसले असते, तरी सुरेशच्या बायकोनं पहिली प्लेट जावयालाच दिली असती.

हर्षल. श्रुतीला सौंसरला देऊन वर्ष होत आलं होतं आणि तिला पाचवा महिना होता. नाव घेतलं तर भैय्याजींची माणसं तासाभरात तिच्या दारात उभी राहिली असती, आणि संध्याकाळी पोरगी बॅग घेऊन माहेरी.

"तूच व्हिडिओ काढाले लावला अन् विकला, असं लोक म्हणून राहिले," भैय्याजी म्हणाले. "वीस वर्षं घालवतं काऊन? बोल."

"म्हणू द्या लोकाइले." सुरेशनं सही केली.

भैय्याजींनी कागद घडी करून खिशात घातला. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "याद्या आता कोण सांभाळन? बाहेरचा माणूस नको मले. तुह्या घरातलाच ठेवतो, तुले बी बरं वाटन." मग त्यांनी बाहेर हाक मारली.

इस्त्रीच्या शर्टातला हर्षल आत आला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख अगदी बेताचं होतं.

"मामाजी, आशीर्वाद द्या," म्हणत तो वाकला.

ऑफिसातले दहा-बारा कार्यकर्ते बघत होते. सुरेशनं मतदारयाद्यांचा गठ्ठा टेबलावरून त्याच्याकडे सरकवला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथून निघेना.

"जवाईबापू," तो म्हणाला, "आमच्या श्रुतीले सांभाळा."