त्यांच्याच हातून

“पाठ मांजरीसारखी गोल कर, पोरी. आणि आता हलू नकोस,” भूल देणारे डॉक्टर म्हणाले.

टेबलाच्या कडेला बसलेल्या तिने हनुवटी छातीला टेकवली. पोट एवढं, की धड वाकताही येईना. समोरून थोरल्या सिस्टरने तिला खांद्यांशी घट्ट धरलं होतं.

डॉक्टरांनी दुहेरी हातमोजे घातले होते. तिच्या कागदांवर एचआयव्ही लिहिलेलं होतं. ती गोळ्या नेमाने घेत होती. ऑपरेशन होतं ते बाळ आडवं म्हणून. अशा बाईला पाठीतून भूल द्यायला काही हरकत नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी कपाळावर घाम आलाच.

मघाशी हात धुताना सिस्टर म्हणाली होती, “नवऱ्याचेच प्रताप असणार, दुसरं काय!”

“ते विचारणं आपलं काम नाही.”

“राहिलं. पण हिची आई बघा किती हट्टी! मंगळवारी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तयार होत्या की. पण नाही. म्हणे, तुमचाच हात हवा. म्हणून गुरुवार धरला. तुमची कीर्ती चहूकडे पसरलीय हो!”

“कीर्ती कसली, केस तेवढे पिकले,” ते म्हणाले. पण मनातून सुखावले.

गेल्या वीस वर्षांत हा रोग असलेली एकही बाई त्यांनी परत पाठवली नव्हती. शिकायला येणाऱ्यांना ते दर वर्षी कळवळून सांगत, “आज गोळ्या आहेत. पूर्वी त्या मिळत नव्हत्या, तेव्हा कळा सुरू होण्याआधी ऑपरेशन झालं, तरच बाळ या रोगातून सुटण्याची जास्त आशा. भूल द्यायला कुणी आलंच नाही, की त्या आशेवर पाणी.”

सुई हाडाला लागली. त्यांनी ती मागे घेतली, जरा वर धरली. पुन्हा हाड.

“डॉक्टर, तुमचा हात थरथरतोय का हो?” तिने खालमानेनेच विचारलं.

“हात नाही, तुझी पाठ थरथरतेय.”

“मग दोघंही देवाचं नाव घेऊ.”

“घ्या! पेशंटच धीर देतेय,” सिस्टर म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले, ओठ हलवले. तिसऱ्यांदा सुई आत गेली आणि तिच्या बाहेरच्या टोकाशी मणक्यातल्या पाण्याचा स्वच्छ थेंब आला. त्यांनी जपून औषध सोडलं. तिला आडवं केलं.

“पाय कुणाचे आहेत हे? माझे तर वाटत नाहीत,” ती म्हणाली. आणि लगेच, “गरगरतंय...”

रक्तदाब शंभरवरून ऐंशीवर आला. सत्तर. डॉक्टरांनी सलाइन धावतं केलं, शिरेतून औषध दिलं आणि ते तिच्या गालावर थोपटत राहिले. “बोलत राहा बाळा, माझ्याशी बोलत राहा.”

आकडा हळूहळू चढला. थोड्या वेळाने पडद्यापलीकडून रडणं ऐकू आलं, असं खणखणीत, की सिस्टरने कानावर हात ठेवला.

मुलगी. पुसून, गुंडाळून तिला रोगापासून वाचवणाऱ्या औषधाचे पहिले थेंबही पाजले.

सगळं आवरल्यावर डॉक्टर स्वतःच बाहेर गेले. बाकावर तिची आई ताठ बसली होती.

“नात झाली. दोघी खुशाल आहेत. बाळाची तपासणी होईलच, पण लेकीने गोळ्या चुकवल्या नाहीत. बाळ सुटेल, बघा.”

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी डॉक्टरांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

“सुई नीट लागली?”

“तिसऱ्यांदा लागली.”

“आलात, तेच खूप.”

डॉक्टर हसले. “पण मावशी, माझ्याच नावाचा एवढा हट्ट का धरलात?”

बाईंनी हात सोडला नाही.

“चोवीस वर्षांपूर्वी टेबलावर मी होते, डॉक्टर. माझा रिपोर्ट वाचून तुम्ही स्वतःला ताप आल्याचा निरोप धाडलात. मी दोन दिवस कळा सोसल्या, आणि हा रोग घेऊनच ही जन्मली.”