एका दमाची चढाई

"चड्डी आणली नसंल तर पँट दुमडा की वर," चनमल्लप्पा म्हणाला. "आमाला काय, तुमी कसं बी चालता."

गुरुशांत पँट दुमडू लागला. बावन्न वर्षांचा बाप्या, एकेकाळी देशाकडून कबड्डी खेळलेला, मैंदर्गीच्या शाळेच्या मैदानात भर सकाळी पोटऱ्या उघड्या करतोय आणि शे-दीडशे माणसं बघतायत. पूर्वी या गावात त्यानं पाय ठेवला की कानडीत 'बा तम्मा, बा', ये भावा ये, म्हणत घराघरांतून चहा यायचा. आज पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

विचारतील कशाला? याच्या तोंडाकडं बघून अख्ख्या गावानं याच्या कंपनीत पैसे घातले, तीन वर्षांत दुप्पट होणार म्हणून. कंपनीचं दिवाळं निघालं आणि हा पठ्ठ्या फसवणुकीच्या गुन्ह्यात चाळीस दिवस आत बसून तात्पुरत्या जामिनावर बाहेर आला. सोमवारी सोलापूरच्या कोर्टात तारीख होती. मैंदर्गीकरांनी 'आमची हरकत नाही' असं लिहून दिलं तर जामीन टिकेल, नाहीतर पुन्हा कोठडी, असं वकिलानं स्पष्ट सांगितलं होतं.

गावानं सह्या केल्या होत्या. आत बसलेला माणूस पैसे कुठून देणार, एवढा व्यवहार सगळ्यांना कळत होता. पण कागद नुसता त्याच्या हातात द्यायला कुणाचं मन होईना. तेव्हा चनमल्लप्पानं डोकं लढवलं. एक चढाई करायची. एका दमात जायचं, समोरच्या सातांतल्या एकाला शिवायचं आणि दम न तोडता मधल्या रेषेवर परत यायचं. आला तर कागद त्याचा. नाही आला तर जागेवर फाडायचा. कागद राखायला दिला नागव्वाकडं, कडक भाकऱ्या विकून जमवलेलं सगळं तिनं याच्याकडं दिलं होतं म्हणून.

पंच म्हणून कल्लप्पाला उभं केलं. तो गुरुशांतच्याच संघातला, आठ वर्षं त्याच्या शेजारी कोपरा सांभाळलेला. त्यानंही बायकोचे दागिने मोडून पैसे घातले होते. शिट्टी गळ्यात अडकवून तो खाली मातीकडं बघत राहिला.

समोर सात जण उभे राहिले. कुणी धोतरात, कुणी पायजम्यात, एकाच्या हातात काठी. त्यांतल्या एकानंही जन्मात कबड्डी खेळलेली नव्हती. गुरुशांतला आतल्या आत हसूच आलं. हे म्हणजे हातचा मळ!

त्यानं माती कपाळाला लावली आणि आत शिरला.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

गुडघा कुरकुरला, पोट हिंदकळलं, पण पाय काही विसरले नव्हते. सातांत सगळ्यात कच्चा कोण हे हेरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कच्चे होते सिद्धप्पा मास्तर. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेलेली. गुरुशांत त्यांच्या उजवीकडूनच गेला आणि त्यांच्या छातीवर पंजा मारला. मास्तर मटकन खाली बसले.

आजवर नेमकं इथंच पब्लिक उसळायचं. आरोळ्या, शिट्ट्या, हलग्या! त्या कल्लोळात गुरुशांत मान डाव्या खांद्याकडं वळवायचा आणि एक श्वास चोरून घ्यायचा. कुठल्याच पंचाला तो कधी ऐकू गेला नाही.

आज कुणी ओरडलं नाही. तसं काही ठरलेलं नव्हतं, कुणाला ओरडावंसं वाटलंच नाही. रेषा चार पावलांवर होती. छातीत तेवढा दम होता, नक्की होता. पण तीस वर्षांची खोड ती! मान आपसूक डावीकडं वळली आणि घर्र करून श्वास आत गेला. पार शाळेच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या बायकांनाही तो ऐकू आला.

त्यानं रेषेवर पाय आपटला आणि दोन्ही हात वर केले. "आलो! आलो की नाही? कल्ल्या, वाजव शिट्टी!"

कल्लप्पानं शिट्टी वाजवली नाही. "गुरू," तो म्हणाला, "दम तुटला तुजा."

"कुणी ऐकलं?" गुरुशांतच्या तोंडून निघून गेलं.

सिद्धप्पा मास्तरांनी धुळीत बसल्या बसल्या डावा हात वर केला. मग चनमल्लप्पानं केला, मग सातांतल्या उरलेल्या सहा जणांनी, मग व्हरांड्यातल्या बायकांनी. गुरुशांतचे हात हळूहळू खाली आले. "एक डाव चुकलो," तो नागव्वाकडं बघून गयावया करू लागला. "यव्वा, माय, परत जातो. परत एकदा जाऊ दे. तुझ्या पाया पडतो. मला आत पाठवू नकोस."

नागव्वानं कागदाचे आधी दोन आणि मग चार तुकडे केले. स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी तिला पुसावंसंही वाटेना.

"आज चुकला व्हय ह्यो?" तिनं कल्लप्पाला विचारलं.

कल्लप्पानं गळ्यातली शिट्टी काढली. "न्हाय यव्वा. पयल्यापास्नं चोरतोय. सोलापूरच्या फायनललाबी चोरला. आमच्या घरातलं मेडलबी त्येच्यावरच आलंय."

"फायनलला?" नागव्वा त्याच्याकडं बघतच राहिली. "आमी तर चार ट्रक भरून गेलो हुतो की रे. पार रेषंला लागून बसलो हुतो. मंग आमाला कसं ऐकू आलं न्हाय?"

"कसं येनार यव्वा?" कल्लप्पा म्हणाला. "तवा तुमी समदी वरडत हुतासा."