कापशी

सोनईच्या भामाबाईंनी जन्मभर थोराड कुत्रीच पाळली. वासराएवढ्या त्या कुत्र्यांना त्या पातेलंभर भाकरी कुस्करून घालायच्या. शेवटचा मोत्या म्हातारा होऊन गेला, तोवर त्यांचे गुडघेही थकले होते. म्हणून त्र्याहत्तर साली लेकानं पुण्याहून मांजराएवढी पांढरी कुत्री आणून दिली. "हे काय कुत्रं म्हनायचं?" म्हणत भामाबाई हसल्या आणि तिचं नाव कापशी ठेवून मोकळ्या झाल्या. आठवड्यात ती त्यांच्या पदरात निजू लागली.

एका दुपारी त्या ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. कापशी अंगणातून आली, त्यांच्यापासून हातभर लांब थांबली आणि एका अंगावर रेलली. तिथं भिंत नव्हती, खांबही नव्हता. तरी ती पडली नाही. तशीच तिरकी राहून तिनं डोळे मिटले.

"अगं, उचल तिला. पडंल ती," त्यांचे यजमान सहादेव बाजेवरून म्हणाले.

"न्हाई पडायची," भामाबाई हळूच म्हणाल्या. सूप हातात तसंच राहिलं.

कापशीचं पोट नेहमीसारखं भराभर हलत होतं. पण तिचं सगळं अंग मात्र संथपणे वर जात होतं आणि संथपणे खाली येत होतं, दुसऱ्याच कुणाच्या श्वासाबरोबर.

मग ती एकदम बाजूला ढकलली गेली, शेजारचं मोठं जनावर आळस देत उठावं तशी. तिनं मान वर केली आणि शेपूट हलवू लागली.

भामाबाईंनी सूप खाली ठेवलं. कापशीच्या बऱ्याच वर, कमरेएवढ्या उंचीवर बघत त्या म्हणाल्या,

"जपून रं बाबा. ल्हान हाय ती."